दृक्प्रत्यय

दृक्प्रत्यय : गणिताने काढलेली ग्रहांची जागा आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी जागा यांचा मेळ. संज्ञा ज्योतिषगणितातली, पण धर्मशास्त्राच्या विचारपद्धतीतही तिला मोठे वजन आहे, कारण एकादशी, श्राद्ध, ग्रहणाचे स्नान, गणेशचतुर्थी या साऱ्यांचा काळ पंचांगावर ठरतो आणि पंचांग गणितावर उभे असते. पोथीचे गणित आणि आकाश यांत फरक पडला तर कोणाचे मानायचे? धर्मचिंतन आणि विज्ञान यांच्या नात्याचा हा प्रश्न कोकण किनाऱ्यावर पाचशे वर्षांपासून आहे, आणि तो घराघरांपर्यंत पोहोचला आहे.

मुरूड-जंजिऱ्याजवळचे नांदगाव हे या विचाराचे एक उगमस्थान. तेथील केशव दैवज्ञांनी 1496 च्या सुमारास ‘ग्रहकौतुक’ रचले. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही मान्य पक्षांचे, म्हणजे जुन्या सिद्धान्तग्रंथांवर उभ्या असलेल्या गणिताच्या परंपरांचे, गणित आकाशाशी कुठे जुळते आणि कुठे चुकते, हे त्यांनी वेध घेऊन, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष मोजून, नोंदवले. पुढच्या गणकांनीही वेध घेऊन गणित सुधारत जावे, असे त्यांचे सांगणे होते. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी 1520 साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. सूर्य सौर पक्षाचा घ्यावा; चंद्रही सौरच, पण 9 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून; मंगळ, गुरू आणि राहू आर्य पक्षाचे; बुधाचे केंद्र (ग्रहाची जागा काढताना लागणारा एक कोन) ब्राह्म पक्षाचे; शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य यांच्या मधले; आणि शनी आर्य पक्षाचा, त्यात 5 अंश मिळवून. असे केले की ग्रह ‘दृक्तुल्य’ होतात, असे ते म्हणतात. तिन्ही पक्षांना पूज्य मानणाऱ्या माणसाने तिघांतला एकही जसाच्या तसा घेतला नाही आणि निवाडा आकाशावर सोपवला, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. शिवाय ज्याचापांची (आजच्या भाषेत त्रिकोणमितीची) किचकट आकडेमोड टाळून त्यांनी 11 वर्षांच्या, म्हणजे 4016 दिवसांच्या चक्रावर गणित बसवले. त्यामुळे खेड्यातल्या जोशांनाही पंचांग करता येऊ लागले.

यामागे प्रमाणांचा विचार आहे. जे प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने कळते ते सांगणे हे श्रुतीचे काम नव्हे, ही मीमांसकांची भूमिका. अग्नी थंड असतो असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण ठरणार नाही, असे शंकराचार्य गीताभाष्यात स्पष्ट म्हणतात. उलट बाजूही दुबळी नव्हती. ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ (1658) लिहिणाऱ्या कमलाकरांनी दोन प्रांत वेगळे केले : ग्रहणासारख्या दृश्य गोष्टींना वेधाचे गणित, आणि व्रत-श्राद्धासारख्या अदृष्ट फळाच्या कर्मांना सूर्यसिद्धान्ताचे. पाश्चात्त्य धर्मचिंतनात इयन बार्बर यांनी धर्म आणि विज्ञान यांच्या नात्याचे संघर्ष, स्वतंत्रता, संवाद आणि एकात्मता असे चार प्रकार मांडले. त्या भाषेत कमलाकर स्वतंत्रतेच्या बाजूला येतात आणि नांदगावकर पितापुत्र संवादाच्या.

कमलाकरांची वाटणी किनाऱ्यावर टिकणे मात्र अवघड, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे जायला लागणारा काळ. त्याच तिथीने भटजी उपास सांगतात आणि त्याच तिथीने कोळी होडी पाण्यात लोटतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती. तिथी अदृष्टाची म्हणून बाजूला काढली, तरी खाडीचे पाणी तिचा पडताळा दिवसातून दोनदा देतच राहते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘ग्रहलाघवा’चेही आकडे आकाशापासून सरकले होते. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. 1865 पासून त्यांच्या गणिताचे पंचांग निघू लागले; आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्यामुळे ते पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. विरोधकांचा मुख्य आधार ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा होता : तिथी 60 घटींपेक्षा (घटी म्हणजे 24 मिनिटे) फार तर 5 घटींनी वाढावी आणि 6 घटींनी घटावी. नव्या गणिताने ती कधी सुमारे 50 घटींपर्यंत आखडते, तर कधी 66 च्या पुढे जाते, आणि मग श्राद्धाचा दिवस बदलू शकतो. हा आक्षेप हट्टाचा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. व्रत-श्राद्धाचा दिवस ठरवणाऱ्या निर्णयग्रंथांतले नियम त्या जुन्या मर्यादा धरून रचलेले होते आणि आकडा बदलला की नियमाचा अर्थही नव्याने लावावा लागत होता. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (1896) या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला. ते स्वतः ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते.

किनाऱ्यावरच्या इतर समाजांतही हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. ख्रिस्ती ईस्टर चर्चच्या कोष्टकातल्या पौर्णिमेवरून ठरतो. कोष्टक आणि ऋतू यांत अंतर पडले म्हणून 1582 मध्ये 10 दिवस गाळले गेले. कोकणी मुसलमानांच्या घरी रमजानसाठी चंद्रकोर डोळ्यांनी पाहण्याला महत्त्व आहे. ऐन पावसाळ्यात महिना आला की ढगांतून कोर दिसणे कठीण होते आणि दुसऱ्या गावची साक्ष मोलाची ठरते.

दृक्प्रत्यय मान्य झाल्यावरही मतभेद संपले नाहीत. राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा, हे आकाश सांगत नाही. लोकमान्य टिळकांच्या नावाचे पंचांग रेवती तारा धरते, बहुतेक पंचांगे चित्रा धरतात. दोहोंत सुमारे 4 अंशांचा, म्हणजे सूर्याच्या चार दिवसांच्या चालीचा फरक पडतो. 2023 साली 18 जुलै ते 16 ऑगस्ट या चांद्रमासात चित्रा पक्षाने एकही संक्रांत आली नाही, कारण सिंह संक्रांत 17 ऑगस्टला होती; म्हणून तो अधिक श्रावण झाला. टिळक पंचांगात तीच संक्रांत चार दिवस आधी, त्या महिन्यातच पडली आणि महिना अधिक ठरला नाही. त्यामुळे कोकणात टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत 20 ऑगस्टला गणपती बसले. इतर घरांत त्या दिवशी श्रावण शुद्ध चतुर्थी होती, दुसऱ्या दिवशी नागपंचमी, आणि त्यांचे गणपती 19 सप्टेंबरला आले.