नेढ्यातला उंट आणि गॉथिक ‘उल्बांडुस’

सुईच्या नेढ्यातून उंट जाईल, पण श्रीमंत स्वर्गराज्यात शिरणं कठीण, असं बायबलमधलं वचन. तिथे मुळात ‘जाड दोर’ होता, उंट चुकून आला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ग्रीकमध्ये दोन्ही शब्द दिसायला जवळचे, म्हणून पटतंही.

पण चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचं गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत भाषांतर करताना इथे ‘उल्बांडुस’ वापरला. हाच शब्द बायबलमधल्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या, उंटाच्या केसांच्या वस्त्रासाठीही आहे. म्हणजे त्याला उंटच अभिप्रेत होता, दोर नव्हे.

गंमत पुढे आहे. हा शब्द बहुतेक अभ्यासक ‘एलिफंट’च्या कुळातला मानतात. नाव हत्तीचं, चिकटलं उंटाला! न पाहिलेल्या जनावरांचं असंच होतं.