परीक्षा चारचौघांत: मुलींच्या शाळेतल्या गुणगौरवाची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात मुलींच्या शाळांच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. वर संस्थापकांची तसबीर, खाली टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने मुलींचे फोटो, मध्ये 'शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा'. मग गुणगौरव समारंभ: ईशस्तवन, शाल-श्रीफळ, प्रशस्तिपत्रकं, आणि हमखास लांबलेलं पाहुण्यांचं भाषण. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की यालाही काही इतिहास असेल असं कुणाच्या मनात येत नाही. तो पावणेदोनशे वर्षांचा आहे. आणि त्याच्या आरंभी कौतुक कमी, पुरावा जास्त होता. मुलींना शिकवलं तर त्या शिकतात, एवढंच गावाला दाखवून द्यायचं होतं.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली. पुढे मिशनच्याच सिंथिया फॅरार यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्या पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तसं काही करावंसं वाटलं. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा, १८५१ ची चिपळूणकर वाड्यातली, मग रास्ता पेठ, वेताळ पेठ. ही नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. त्यामानाने या शाळांच्या जाहीर परीक्षांबद्दल फारसं बोललं जात नाही. १७ फेब्रुवारी १८५२ ला अशी पहिली परीक्षा झाली. दुसरी १२ फेब्रुवारी १८५३ ला, पूना कॉलेजच्या आवारात. २३७ मुली बसल्या होत्या आणि बघायला तीन हजारांच्या आसपास माणसं जमली होती.

तीन हजार माणसं काय बघायला आली असतील? मुलगी वाचते म्हणजे नेमकं काय करते, हेच. तेव्हाची परीक्षा बंद खोलीतली, उत्तरपत्रिका बारकोड लावून पाठवायची नव्हती. मुलीने उभं राहायचं, परीक्षकाने धडा काढून द्यायचा, तिने वाचून अर्थ सांगायचा, हिशेब करून दाखवायचा. समोर सरकारी अधिकारी, देणगीदार, शहरातले प्रतिष्ठित, आणि गर्दीत कुठे तरी 'बाई शिकली की बिघडली' म्हणणारेही. परीक्षा आणि बक्षीस समारंभ या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. उत्तर आलं की तिथल्या तिथे शाबासकी.

मुलींनी उत्तरं दिली, एवढंच झालं नाही. २९ मे १८५२ च्या 'पूना ऑब्झर्व्हर'ने लिहिलं की जोतीरावांच्या शाळांतल्या मुलींची संख्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या दसपट आहे, कारण तिथली शिकवण्याची पद्धत सरस आहे. सरकारी शिक्षण मंडळाने वेळीच काही केलं नाही तर या मुली मुलांच्या पुढे जातील आणि आपल्याला मान खाली घालावी लागेल. 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा दरवर्षी छापणाऱ्या आपल्या वर्तमानपत्रांनी हा मजकूर जरूर वाचावा. बातमी जुनीच आहे.

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबाग वाड्यात पूना कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांच्या उपस्थितीत जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. शाळेच्या यशाबद्दल शाल संस्थापकाला. आजही पुष्कळ गुणगौरवांत अर्धा वेळ संचालक मंडळाच्या सत्कारात जातो, त्यामुळे प्रथा जुनी म्हणायला हरकत नाही.

याच शाळांमधली एक आठवण नेहमी सांगितली जाते. बक्षीस म्हणून खाऊ-खेळणी पुढे केल्यावर एक मुलगी म्हणाली, साहेब, आम्हाला हे नको, शाळेला वाचनालय द्या. काहीजण ती गोष्ट मुक्ता साळवेची म्हणून सांगतात. गोष्ट कुणाचीही असो, मुक्ताचा निबंध मात्र छापील आहे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका शाळकरी मुलीचं यश म्हणून याहून मोठं काय दाखवणार? धर्म कोणाचा, पोथी कोणाची, आम्हाला धर्मच नाही का, असे प्रश्न तिने विचारले होते. वाचनालयाची गोष्ट दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या भाषणात येते. भाषण संपलं की मुलींना स्टीलचा डबा मिळतो.

इथून पुढची तीस वर्षं प्राथमिक शाळांची. मुली यायच्या, चार यत्ता व्हायच्या, लग्न व्हायचं, शाळा सुटायची. देशातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १८८२ च्या हंटर आयोगापुढे हा प्रश्न आला तेव्हा आयोगाने एक व्यवहारी शिफारस केली: मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या ठेवा, त्या परीक्षा घेऊन द्या, आणि त्यांतला काही भाग बारा वर्षांच्या पुढच्या मुलींसाठी राखून ठेवा, म्हणजे त्या शाळेत जास्त काळ टिकतील. मला या सगळ्या इतिहासात हे कलम फार महत्त्वाचं वाटतं. इथे बक्षिसाचं काम बदललं. गावाला पटवून झालं होतं. आता घरच्यांना पटवायचं होतं, की आणखी एक वर्ष थांबा. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय ठरवणारा संमतिवयाचा कायदा १८९१ चा, आणि त्यातही मर्यादा बारा वर्षांचीच. ज्या वयात मुलगी सासरी जायची, त्याच वयाच्या तोंडावर शिष्यवृत्ती आणून उभी केली होती.

माध्यमिक शाळेची गोष्ट पुण्यात १८८४ साली सुरू होते. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी आणि विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल निघालं. जागा पेशवाईतल्या घोड्यांच्या पागेची, म्हणून लोकांच्या तोंडी 'हुजूरपागा'. आजही पुण्यात शाळेचं पूर्ण नाव सांगितलं तर रिक्षावाला विचारतो, म्हणजे हुजूरपागाच ना?

या शाळेच्या मागणीसाठी गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजी मानपत्र वाचलं रमाबाई रानड्यांनी. त्यांच्या आठवणींत सभेपेक्षा घरची हकीकत जास्त बोलकी आहे. पुरुषांच्या सभेत उभं राहून इंग्रजी वाचलं म्हणून वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे त्यांना ऐकावे लागले. बाहेर टाळ्या आणि घरात टोमणे, हे तेव्हाच्या शिकलेल्या बाईच्या वाट्याला आलेलं बक्षीस.

शाळा निघाली तशी टीकाही सुरू झाली. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने अभ्यासक्रमावर हत्यार उपसलं. मुलींना इंग्रजी, गणित कशाला. अकरा ते पाच शाळा असेल तर घरकाम कधी शिकणार. तीन तास पुरे झाले. ही टीका एकट्या टिळकांची नव्हती, पुण्याच्या मोठ्या वर्गाला तसंच वाटत होतं. त्यामुळे हुजूरपागेच्या पहिल्या पिढीतल्या मुलीचा मॅट्रिकचा निकाल हा तिचा एकटीचा निकाल नसायचा. ती नापास झाली तर शाळा नापास. आणि पास झाली तर? तर तिचं लग्न कसं जमणार, हा प्रश्न होताच.

मुंबई विद्यापीठानेही १८८३ मध्येच आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या होत्या. नियमांत सगळीकडे 'तो' होता. त्यात 'ती'ही धरावी असं ठरलं. त्या दारातून आत गेलेली पहिली पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, वाढली पुण्यात, शिकली डेक्कन कॉलेजात. तिच्या आईची पुण्यात स्वतःची शाळा होती. १८८७-८८ मध्ये कॉर्नेलिया पहिल्या वर्गात पदवीधर झाली, कॉलेजात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती तिला नाकारली, कारण ती मुलगी होती. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, तेव्हा ती १८८९ ला ऑक्सफर्डला पोचली. तिथेही कायद्याची परीक्षा दिली १८९२ ला आणि पदवी हाती पडायला पुढची तीस वर्षं गेली. गुण मिळवणं आणि गुणांचा मान मिळवणं यांत केवढं अंतर होतं, त्याचं हे उदाहरण.

असंच अंतर पुण्याजवळच्या हिंगण्याच्या वाट्यालाही आलं. धोंडो केशव कर्व्यांनी १९०७ ला महिला विद्यालय काढलं, १९१६ ला महिला विद्यापीठ. शिक्षण मातृभाषेतून. १९२० साली उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली, नाव बदललं (आजचं एसएनडीटी), पदवीदान समारंभ होऊ लागले. पण या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. तोवरच्या मुलींनी पदवी घेतली, टाळ्या घेतल्या, आणि नोकरीच्या अर्जात मात्र ती पदवी कुठली म्हणून खुलासा करत राहिल्या.

हुजूरपागेत मधल्या काळात काय घडत होतं ते दोन नावांवरून कळतं. ब्रह्मदेशातून सात वर्षांची मुलगी इथल्या वसतिगृहात आणून ठेवली. ती पुढे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे झाली. १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ इथेच शिकल्या आणि कमल रणदिवे या नावाने त्यांनी कर्करोगावर संशोधन केलं. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. दोघींचं मोठं यश शाळा सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी आलं. आपण दहावीच्या टक्क्यांवर फ्लेक्स रंगवतो तेव्हा हे जरा ध्यानात घ्यायला हवं.

जुन्या मुलींच्या शाळांत कार्यालयाबाहेर एक लाकडी फलक असतो. पांढऱ्या रंगात ओळीने नावं, पुढे साल. मॅट्रिकला पहिली, संस्कृतात पहिली. काही नावांत माहेरचं आडनाव आणि कंसात सासरचं. त्यासोबत ठेवींची यादी: अमुक यांच्या स्मरणार्थ मराठीत प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस, अमुक यांच्या स्मरणार्थ शिवणकामात, गृहशास्त्रात, वक्तृत्वात, शंभर टक्के हजेरीसाठी. कुणी मुलीच्या नावाने ठेव ठेवलेली, कुणी शाळेची पायरीही न चढलेल्या आईच्या नावाने. ठेव एकदाच ठेवायची आणि व्याजातून बक्षीस द्यायचं, हा हिशेब. व्याजदर उतरले तशी त्यातून एक वहीही येईना, म्हणून कितीतरी ठिकाणी चार-पाच ठेवी एकत्र करून एकच बक्षीस देतात. नावं मात्र सगळी वाचून दाखवतात, आणि ती दाखवावीतच.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक जाऊन एसएससी आली. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून काम करू लागलं, १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा १०+२+३ या नव्या आकृतिबंधाने झाली. मग आला गुणवत्ता यादीचा जमाना. 'बोर्डात आली' हे दोन शब्द म्हणजे घराण्याची इस्टेट. सकाळी फोटोग्राफर घरी, आई पेढा भरवताना फोटो, आणि 'रोज किती तास अभ्यास करायचीस?' हा ठरलेला प्रश्न. 'राज्यात पहिला' आणि खाली चौकटीत 'मुलींमध्ये पहिली' अशी वेगळी ओळ असायची. मुलगी खुद्द पहिली आली की ही चौकट अवघडून जायची. पुढे स्पर्धेचा अतिरेक झाला आणि मंडळाने यादी जाहीर करणं थांबवलं. यादी गेली, तिची हौस गेली नाही. ती शाळांच्या फ्लेक्सवर आणि क्लासच्या जाहिरातींत उतरली. २०१० पासून सहापैकी पाच उत्तम विषयांचे गुण धरायला लागले, कला-क्रीडेचे वाढीव गुण जमेस आले, आणि २०२५ साली राज्यात २११ जणांना शंभर टक्के मिळाले. एवढे पहिले असल्यावर फ्लेक्सवर सर्वांत वर कुणाचा फोटो लावायचा, हा मुख्याध्यापिकांचा खराखुरा पेच आहे.

वाढीव गुणांची दुसरी बाजू चांगली आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला, कबड्डी, खो-खो, एनसीसी यांना निदान गुणपत्रिकेत जागा मिळाली. गुणगौरवात आता शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची शिष्यवृत्ती), होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, राज्य पातळीवरचा खो-खो संघ असे वेगवेगळे पुकारे होतात. खेळणाऱ्या मुली शेवटी बोलावतात, तेव्हा पाहुणे घड्याळ बघत असतात, हा भाग वेगळा.

२०२५ च्या निकालात मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण ९६.१४ टक्के होतं, मुलांचं ९२.३१. हा आकडा मंचावरून जोरात सांगितला जातो. पण त्या परीक्षेसाठी साडेआठ लाखांहून अधिक मुलग्यांनी नाव नोंदवलं होतं आणि मुलींची नोंदणी साडेसात लाखांच्या आत होती. यातला काही वाटा मुळात मुलीच कमी जन्मू दिल्या जातात याचा, काही मधल्या यत्तांत शाळा सोडून गेलेल्यांचा. हंटर आयोगाने बाराव्या वर्षाच्या तोंडावर जो पैसा ठेवायला सांगितला होता, त्यामागचा प्रश्न चार यत्ता पुढे सरकलाय, मिटलेला नाही. काही शाळांनी यावर साधा उपाय काढलाय. निकाल ऑनलाइन लागतो, पण मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी शाळेतच मिळते आणि ती घ्यायला प्रत्येकीला यावंच लागतं. गुणगौरव त्याच दिवशी ठेवला की पंचेचाळीस टक्केवालीही सभागृहात असते, तिची आईही असते, आणि अकरावीचा अर्ज भरला का, हे वर्गशिक्षिकेला तिथेच विचारता येतं.