करंज, जास्वंद आणि अंगणातले ऊन

घराभोवती चार हात मोकळी जमीन असली की सावलीचे एखादे मोठे झाड लावावे की फुलांचे झुडूप, हा प्रश्न घरोघरी निघतो आणि बहुतेक वेळा आवडीनिवडीवर सोडून दिला जातो. वास्तविक हा प्रश्न उन्हाच्या हिशेबाचा आहे. झाड ऊन अडवते म्हणून सावली पडते आणि झुडपाला ऊन मिळते म्हणून फूल येते. दोघांचे भांडवल एकच असल्यामुळे कोण कोठे उभे आहे यावर सगळे अवलंबून राहते. हे नीट समजावे म्हणून महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची दोन उदाहरणे घेऊ. सावलीसाठी करंज आणि फुलांसाठी लाल जास्वंद.

एप्रिल-मे महिन्यांत निरभ्र आकाशात भरदुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. 8 मीटर व्यासाचा पर्णसंभार असलेला करंज म्हणजे सुमारे 50 चौरस मीटरची छत्री, आणि तिच्यावर त्या क्षणी 50 किलोवॅट ऊर्जा कोसळत असते. प्रकाशसंश्लेषणात यातील अगदी थोडा भाग, जेमतेम एक-दोन टक्के, खर्च होतो. काही भाग पाने परावर्तित करतात आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा पानांतून बाष्प होऊन जाणारे पाणी आपल्याबरोबर घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे 24 लाख जूल उष्णता लागते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसभरात 100 लिटर पाणी असे हवेत सोडले, तर विजेच्या मापात ती सुमारे 67 युनिट उष्णता झाली. दीड टनाचा एसी साडेबारा तास अखंड चालला तर साधारण एवढीच उष्णता खोलीबाहेर काढील.

मात्र या आकड्यावरून झाडाखालची हवाही एसीच्या खोलीइतकी गार होईल, असा अर्थ कोणी काढू नये. अंगण उघडे असते, वारा सतत हवा बदलत राहतो, त्यामुळे झाडाखालच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानात बहुधा एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो. तरीही झाडाखाली जीव थंडावतो, कारण शरीराला जाणवणारा उकाडा केवळ हवेचा नसतो. डोक्यावर पडणारे ऊन आणि तापलेल्या फरशीतून व भिंतीतून परत येणारी धग, हे दोन्ही त्यात असतात आणि सावली या दोहोंनाही अडवते. आमच्या अंगणात मे महिन्यात दुपारी तीन वाजता शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहिले की पाय क्षणभरही टिकत नाहीत. तीच फरशी करंजाच्या सावलीत चार पावले पुढे गेल्यावर कोमट लागते. रत्नागिरी, गोवा किंवा मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनाने मिळणारा गारवा कमी पडतो आणि नागपूरच्या कोरड्या झळांत पाणी अपुरे पडले तर पाने आपली पर्णरंध्रे, म्हणजे बाष्प बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतात. सावली मात्र दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

सावलीसाठी करंजच का, याचे उत्तर त्याच्या पानगळीच्या वेळेत आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्याची पाने झडतात आणि लगोलग नवी पोपटी, तकतकीत पालवी फुटते. त्यामुळे उन्हाळा ऐन भरात येण्यापूर्वी छत्री पुन्हा उघडलेली असते. त्यानंतर फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचा सडा पडू लागतो. करंज शेंगवर्गीय असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन मातीत आणतात. त्याची चपटी शेंग थेट करंजीच्या आकाराची असते आणि तिच्यात बहुधा एकच बी असते. बीचे तेल कडू व विषारी असल्यामुळे खाण्यास चालत नाही, पण ते पूर्वापार दिव्यात जाळले गेले आहे आणि कीडनाशक म्हणूनही वापरले जाते. पानांवर बोटांसारखे वर आलेले हिरवे फुगवटे दिसले तर घाबरून फवारणी करू नये. अतिसूक्ष्म कोळी-किडींनी घडवलेल्या त्या गाठी असतात आणि मोठ्या झाडाला त्यांनी सहसा काही होत नाही.

आता जास्वंदीकडे वळू. सकाळी उमललेले एकेरी लाल फूल हातात घेऊन साध्या भिंगाखाली पाहावे. पाच पाकळ्यांच्या मधून एक लांब दांडा बाहेर आलेला दिसतो. ही नळी सगळ्या पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून झालेली असते आणि तिच्या पोटातून जाणारी स्त्रीकेसराची वाहिनी टोकाशी पाच मखमली ठिपक्यांत उलगडते. परागकण इतके मोठे असतात की भिंगातून ते सुटे सुटे मोजता येतात आणि थोड्या शक्तिशाली भिंगातून त्यांच्यावरचे काटेही दिसतात. लाल रंग, भरपूर मधुरस आणि बाहेर आलेला दांडा ही सारी पक्ष्यांसाठी केलेली मांडणी आहे. आपल्याकडे शिंजीर तिथे रोज येतो, पण तो पुष्कळदा समोरून न येता फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मधुरस पळवतो. बागेतल्या जास्वंदीला फळ धरलेले क्वचितच दिसते. तिची लागवड फांद्या लावून होते, म्हणजे गल्लीतल्या पाच घरी असलेली एकाच फांदीची जास्वंद हे आनुवंशिक दृष्टीने एकच झाड असते.

हे फूल बहुधा एका दिवसाचे असते. रोज नवे फूल घडवायचे म्हणजे झुडपाला रोज साखर खर्चावी लागते आणि ती साखर पानांवर थेट पडणाऱ्या उन्हातूनच येते. पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर जास्वंद मरत नाही, फक्त आपला खर्च आवरते. पाने मोठी, पातळ आणि गडद होतात, कळ्या कमी धरतात आणि धरलेल्या गळतात. त्यातच झाडाखाली झिरपणारा प्रकाश केवळ मंद नसतो, तर वेगळ्या प्रतीचाही असतो. वरच्या पानांनी त्यातला तांबडा भाग शोषून घेतलेला असतो आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा भाग तेवढा खाली उतरतो. वनस्पतीतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हे प्रमाण ओळखते आणि सावलीतून निसटण्यासाठी फांद्या लांबवते. आम्ही एक जास्वंद करंजाच्या उत्तरेला लावण्याची चूक केली होती. दोन वर्षे ती हिरवीगार, लांबलचक वाढत राहिली आणि गणपतीला वाहण्यासाठी फुले मात्र शेजारून आणावी लागली.

उत्तरेची बाजू का नडली, ते सूर्याच्या उंचीवरून कळते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला तिथे सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि झाडाची सावली त्याच्याच पायाशी पडते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून सुमारे 48 अंशांवर असतो आणि 10 मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे 9 मीटरपर्यंत पसरते. म्हणजे करंजाच्या उत्तरेला लावलेल्या झुडपाचे हिवाळी ऊन जवळजवळ सगळे जाते.

याउलट झाड पश्चिमेला असले तर काय होते, ते पाहण्याजोगे आहे. मेच्या मध्यात दुपारी चार वाजता पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 40 अंश उंच, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला असतो आणि 10 मीटर उंच झाडाची सावली पूर्वेकडे सुमारे साडेअकरा मीटर पडते. हीच वेळ घराची पश्चिमेची भिंत तापण्याची असते आणि ती धग पुढे रात्री खोलीत उतरते. म्हणून करंज घराच्या पश्चिमेला लावावा. जागा पुरेशी रुंद असली तर झाड आणि घर यांच्यामध्ये, बुंध्यापासून सहा-सात मीटर पूर्वेला, पण घराची सावली सकाळी पडणार नाही अशा ठिकाणी जास्वंद लावावी. तिला सकाळपासून दुपारी अडीचच्या सुमारापर्यंत ऊन मिळते आणि त्यापुढच्या, कळ्या गाळणाऱ्या तापात करंज तिच्यावर सावली धरतो. इतकी जागा नसेल तर ती घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला लावणे इष्ट.

करंजाची मुळे पर्णसंभाराच्याही पलीकडे पसरतात, तेव्हा भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर अंतर राखलेच पाहिजे. मुळे धडधाकट नळ सहसा फोडत नाहीत, पण गळक्या सांध्यांतून आत शिरतात. काळ्या मातीत अधिक सावध राहावे. ही माती सुकली की आकसते, भिजली की फुगते आणि मोठ्या झाडाने उन्हाळ्यात पाणी ओढून घेतले की भेगा वाढून उथळ पायाला धोका पोहोचतो. मुरमाड जमिनीत ही भीती कमी. शिवाय शहरात लावलेले झाड पुढे नकोसे झाले म्हणून मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात 1975 च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाविषयीच्या अधिनियमानुसार त्यासाठी परवानगी लागते. अंगण सहा मीटरपेक्षा अरुंद असेल तर करंजाचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळाचा हिशेबही दोघांचा निराळा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली जास्वंदीची फांदी बहुधा वर्षाच्या आत फुलते, पण तिला पाणी कायम घालावे लागते आणि पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किडीवर नजर ठेवावी लागते. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की कोवळ्या शेंड्यांवर तो पांढरा कापूस शोधावा. करंजाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी दिले की पुढे तो आपले पाहतो, पण बसण्याजोगी सावली मिळायला आठ-दहा वर्षे जातात. तोपर्यंत अंगण जास्वंदीचेच असते.

जास्वंदीला फुले नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांतून येतात. म्हणून फेब्रुवारीअखेर तिची एक तृतीयांश छाटणी करावी. करंजाची पानगळही साधारण त्याच दिवसांत होते. ती पाने जाळू नयेत. जास्वंदीच्या आळ्यात, खोडापासून वीतभर जागा सोडून, त्यांचा चार बोटे जाड थर द्यावा. उन्हाळाभर माती ओली राहते, पाऊस सुरू झाला की पाने कुजू लागतात आणि त्यांतला नायट्रोजन हळूहळू नव्या फुटीच्या मुळांपर्यंत पोहोचतो.