घासलेल्या ॲल्युमिनियमवरचा प्रकाश

बेळगावातल्या काही नव्या दिवाणखान्यांत ब्रश फिनिश ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली चित्रे दिसतात: भरपूर मोकळी जागा आणि तीत एखादे वर्तुळ किंवा दोन-तीन रेषा. त्यातली चंदेरी जागा चंदेरी शाईने रंगवलेली असते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथे शाईच नसते. नेहमीच्या चाररंगी छपाईत पांढरी शाई नसल्यामुळे कोरी सोडलेली जागा धातूचीच दिसते आणि खरा पांढरा हवा असल्यास त्या शाईचा वेगळा थर द्यावा लागतो. चित्रकार काझिमिर मालेविचच्या १९१५ मधील 'काळा चौकोन' या चित्रात चौकोनाभोवतीचा पांढरा रंग हा चित्राचाच भाग आहे. ते पत्र्यावर छापताना तिथे नुसता धातू सोडणे म्हणजे, माझ्या मते, चित्रच बदलणे होय.

खरे विज्ञान मात्र पत्र्यावरच्या बारीक रेघांत आहे. पत्रा एकाच दिशेने घासल्यामुळे त्यावर असंख्य समांतर चरे पडतात. चऱ्याच्या लांबीच्या दिशेने पृष्ठभागाचा उतार फारसा बदलत नाही, त्यामुळे त्या दिशेत प्रकाश आरशाच्या नियमाने परततो. चऱ्याच्या रुंदीत मात्र उतार सतत बदलत असल्याने प्रकाश पंख्यासारखा फाकतो. म्हणून दिव्याचे प्रतिबिंब ठिपक्याऐवजी चऱ्यांना काटकोनात ओढलेल्या पट्ट्यासारखे दिसते. स्टीलच्या डब्याचे गोलाकार रेघांचे झाकण दिव्याखाली धरले, तर रेघा गोल असूनही चमक मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या पट्ट्यांत दिसते, ती याच कारणाने. चित्राच्या वर छताजवळ दिवा असेल आणि चरे आडवे असतील, तर प्रकाश वर-खाली पसरून पत्रा उजळतो. तोच पत्रा चरे उभे येतील असा लावल्यास प्रकाश डावी-उजवीकडे फाकतो, समोरच्या डोळ्यांपर्यंत कमी पोहोचतो आणि मोकळी जागा काळपट राखाडी दिसते. धातूचे चित्र अमुक दिशेच्या भिंतीवर लावल्याने घरात ऊर्जा वाढते, या दाव्याला काहीही आधार नाही. दिशा पाहायची ती चऱ्यांची आणि दिव्याची.

ॲल्युमिनियम हवेशी क्रियाच करत नाही म्हणून टिकते, हाही गैरसमज आहे. ते तत्काळ क्रिया करते आणि काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा घट्ट थर खालच्या धातूचे रक्षण करतो. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइट या खनिजापासून तयार होणारी पांढरी ॲल्युमिना पूड रासायनिकदृष्ट्या हेच ऑक्साइड आहे. बॉक्साइटमधून ती वेगळी काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात, कारण तीव्र अल्कलीत ती विरघळते. त्यामुळे अशा चित्राला सोड्याचे द्रावण किंवा घासणी न लावता मऊ, किंचित ओल्या कापडाने चऱ्यांच्याच दिशेने पुसावे.