पेशीतली ऊर्जा कुठे तयार होते? एका शोधाची पार्श्वभूमी

‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे शाळेत एका ओळीत शिकून होते. त्या ओळीमागची हकिगत मला ओळीहून मोलाची वाटते. पेशीची रचना पाहणारे आणि तिचे रसायन तपासणारे दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी चालले होते.

रचना आधी दिसली. १८९० मध्ये रिचर्ड आल्टमान यांनी पेशींत दाटीने असलेले कण पाहिले आणि ते पेशीत वस्तीला आलेले सजीवच असावेत, असे मांडले. तेव्हा ते कोणाला फारसे पटले नाही. पुढे १९६३ मध्ये तंतुकणिकांत स्वतंत्र डीएनए सापडला आणि १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तंतुकणिकांचे पूर्वज जिवाणू होते, हे मत नव्या पुराव्यांसह मांडले. त्याआधी, १८९८ मध्ये, कार्ल बेंडा यांनी या कणांना, म्हणजे तंतुकणिकांना, ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव दिले खरे, पण त्यांचे काम काय, ते उलगडले नव्हते.

रसायनाकडची प्रगती वेगवान होती. १९२९ मध्ये एटीपीचा, म्हणजे पेशी ज्या रूपात ऊर्जा वापरते त्या रेणूचा, शोध लागला. जर्मनीत कार्ल लोहमान आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना तो स्वतंत्रपणे सापडला. सुब्बाराव यांचे नाव आपल्याकडेही फार कमी घेतले जाते, याची खंत वाटते. १९३७ मध्ये हान्स क्रेब्ज यांनी कबुतराच्या स्नायूचा बारीक कीस वापरून सायट्रिक आम्ल चक्र, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करणारी रासायनिक क्रियांची साखळी, उलगडले; तेच ‘क्रेब्ज चक्र’. ‘नेचर’ने तो लेख परत केला; १९५३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. पण पेशी चिरडून केलेल्या प्रयोगात ही क्रिया नेमकी कुठे घडते, ते कळणार कसे?

त्यासाठी तंतुकणिका अखंड बाहेर काढणे गरजेचे होते. १९४८ मध्ये होगबूम, श्नायडर आणि पलाडी यांनी साखरेच्या तीव्र द्रावणात ते साधले. लगेचच यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवले की, क्रेब्ज चक्र आणि ऑक्सिजन वापरून होणारी एटीपीनिर्मिती या दोन्ही क्रिया तंतुकणिकांतच चालतात.

‘कुठे’ सुटले, ‘कसे’ उरले. अन्नातली ऊर्जा एटीपीपर्यंत नेणारा मधला रासायनिक पदार्थ अनेक प्रयोगशाळा शोधत होत्या, तो मिळेना. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितले की, असा पदार्थ नाहीच. प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन कण) तंतुकणिकेच्या आतल्या पातळ पटलाच्या एका बाजूला साठवले जातात आणि ते परत येताना एटीपी बनते. पटल फाटले की ऑक्सिजन वापरला जातो, पण एटीपी बनत नाही, याचा अर्थ आता लागला. तरीही विरोध तीव्र होता. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी वनस्पतींच्या हरितलवकांतील पटले (तीही एटीपी बनवतात, पण प्रकाशाच्या ऊर्जेवर) आधी आम्लात भिजवून मग अल्कधर्मी द्रावणात टाकली. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमध्ये फरक पडला आणि अंधारातही एटीपी तयार झाले! मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले.

प्रोटॉनच्या या प्रवाहावर एटीपी बनवणारे एन्झाइम चक्क फिरते, असे पॉल बॉयर यांचे भाकीत होते. जॉन वॉकर यांनी उलगडलेल्या रचनेने त्याला बळ मिळाले आणि १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष टिपले.