शिट्टी वाजली नाही म्हणजे नियम पाळला गेला नाही?

म्हापसा असो वा मडगाव, शालेय बास्केटबॉलच्या सामन्यात पालकांच्या रांगेतून एक तक्रार हमखास ऐकू येते: धक्का लागला आणि पंचांनी शिट्टी वाजवली नाही, म्हणजे ते नियम मोडू देतात.

असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण दुरून फक्त धक्का दिसतो. पण आंतरराष्ट्रीय नियमांतच म्हटले आहे की सहज झालेल्या, कोणाचाही फायदा वा तोटा न करणाऱ्या स्पर्शासाठी खेळ उगाच थांबवू नये. म्हणजे पंचाला दोन गोष्टी पाहायच्या असतात: स्पर्श झाला का, आणि त्याने काय बिघडले?

शिक्षा न देता नियम राबवण्याचे कामही तिथेच चालते. बास्केटखालच्या पट्ट्यात मुलगा रेंगाळला की पंच म्हणतात, "बाहेर ये." तीन सेकंदांच्या नियमात (चढाई करणाऱ्या संघाच्या खेळाडूने त्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचे नाही), बाहेर पडायचा प्रयत्न करणाऱ्याला सवलत आहेच. बास्केट झाल्यावर चेंडू मुद्दाम अडवला तर आधी ताकीद मिळते, पुन्हा केल्यास तांत्रिक फाउल, म्हणजे धक्क्यासाठी नव्हे तर वागणुकीसाठी दिला जाणारा फाउल. मला हे फार मोलाचे वाटते. चौदा-पंधरा वर्षांचे मूल सांगितले की ऐकते. चेंडू रेषेबाहेर गेला तर मात्र अशी सवलत नाही.

पडताळायचे असेल तर पुढच्या सामन्यात पंचाच्या जवळच्या बाजूला बसा आणि त्यांचे ओठ व हात पाहा. नियमपुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. त्यातले पंचांच्या कर्तव्यांचे कलम वाचा.