घरगुती पत्रिका-छपाई

लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत, साठीशांत अशा कार्यांच्या निमंत्रणपत्रिका छापखान्यात न टाकता घरीच मांडून, घरच्या प्रिंटरवर छापून तयार करण्याची रीत. याच साधनांनी नावाचे पत्रकागद, पाकिटे, आहेराच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या आणि हळदीकुंकवाची बोलावणीही छापली जातात. पण महाराष्ट्रात या उद्योगाचा कस लागतो तो लग्नपत्रिकेवर. पंचवीस-पन्नास प्रतींच्या कामाला छापखाना परवडत नाही, कारण जुळणीचा आणि यंत्र लावण्याचा खर्च प्रती कमी असल्या तरी तोच राहतो. घरगुती छपाईचे खरे क्षेत्र म्हणून छोटे कार्यच आहे. पाचशे पत्रिका घरी काढायला निघालेला माणूस शाईच्या खर्चाने बहुधा पुन्हा छापखान्याच्या पायरीशी येतो.

पत्रिका छापण्याचे जुने तंत्र खिळ्यांचे, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचे. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांच्या वळणाचा जो नमुना घालून दिला, तो पुढे गावोगावच्या छापखान्यांनी गिरवला. लग्नसराईत पायाने चालणाऱ्या ट्रेडल यंत्रावर पत्रिकांचाच धडाका असे. मजकुराचा साचा ठरलेला. नावे, मिती आणि स्थळ तेवढे बदलायचे. पुढे स्क्रीन प्रिंटिंग आणि ऑफसेट आले, आणि गणपती आधीच छापलेली कोरी कार्डे शिवकाशीहून, दिल्लीच्या चावडी बाजारातून येऊ लागली. मुंबईत गिरगावचा खाडिलकर रोड आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक ही ती निवडण्याची ठिकाणे. आल्बम चाळायचा, कार्ड ठरवायचे आणि मजकूर कागदावर लिहून द्यायचा.

या व्यवस्थेत एक गोष्ट फुकट मिळत होती, ती घरी छापताना हटकून कमी पडते : कंपोझिटरची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची, नजर. शेकडो पत्रिका जुळवलेला तो माणूस ‘कै.’ कुठे लागायचे, मुलीकडच्या पत्रिकेत कोणाचे नाव आधी, मुहूर्ताचा वार तारखेशी जुळतो की नाही, हे विचारल्याशिवाय पुढे जात नसे. प्रिंटर असे काही विचारत नाही.

मजकुराची रचना वरून खाली अशी. माथ्यावर ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’, त्याखाली कुलदैवताचे नाव : खंडोबा, ज्योतिबा, तुळजाभवानी, मंगेश, शांतादुर्गा. घर कुठले आणि गोत कुठले हे जाणकाराला या एका ओळीवरून कळते. बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकेवर बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा व ‘मंगल परिणय’ हे शीर्षक असते. सत्यशोधक पद्धतीच्या पत्रिकेत (असा पहिला विवाह डिसेंबर १८७३ मध्ये लागला) जोतिराव व सावित्रीबाईंची चित्रे येतात आणि मुहूर्ताऐवजी साधी वेळ लिहिली जाते. पुढे ‘स. न. वि. वि.’, मग ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’, आजी-आजोबांपासूनची नाती, मिती, मुहूर्त, विवाहस्थळ. जुन्या पत्रिकांतले ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अजून टिकून आहे. ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ हे मात्र गेले आणि ‘शुभविवाह’ आला. तळाशी निमंत्रक, स्वागतोत्सुक आणि मुलांच्या तोंडी घातलेले ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही किलबिल. आहेर नको असेल तर तशी सूचना.

सर्वांत जास्त वेळ स्वागतोत्सुकांची यादी खाते. भावकीतले एखादे नाव सुटले किंवा धाकटे थोरल्याच्या वर गेले, तर त्याचे पडसाद मांडवात उमटतात. घरी छापण्याचा मोठा फायदा नेमका इथे दिसतो : आदल्या रात्री आठवलेल्या आत्याचे नाव घालून उरलेल्या प्रती पुन्हा काढता येतात. तोटाही तोच. मजकूर कधीच पक्का होत नाही.

मितीच्या चुका घरच्या पत्रिकेत विशेष आढळतात. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, हा हिशेब गुढीपाडव्यानंतरच खरा. फेब्रुवारी २०२५ मधले लग्न शके १९४६ मधले, तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातले शके १९४७ मधले. दुसरा सापळा उत्तरेकडच्या संकेतस्थळावरून तिथी उचलण्याचा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात पडते. अशा पत्रिकेतली इंग्रजी तारीख बरोबर आणि मिती एक महिना पुढची असते. घरात पंचांग असते, ते उघडावे.

लिपीचा प्रश्न याहून बारीक. छापखान्यांत वर्षानुवर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची सॉफ्टवेअरे चालत आली. त्यांचे जुने फाँट यूनिकोड या सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातले नसल्याने तो मजकूर घरच्या संगणकावर रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा उमटतो. घरी छापणाऱ्याने पहिल्यापासून यूनिकोडमध्येच टंकावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट खुल्या परवान्याचे असून त्यांत जाड-बारीक वजने भरपूर आहेत. नावांना जाड आणि पत्त्याला बारीक वजन वापरले की दुसऱ्या फाँटची गरज पडत नाही. एका पत्रिकेत चार फाँट ही हौस आवरलेली बरी.

फाँट निवडण्यापूर्वी चार शब्द टंकून पाहावेत : गोऱ्हे, कऱ्हाड, ॲड., वाङ्मय. ‘ऱ्ह’मधला अर्धा र आडवा न येता डोक्यावर रफार होऊन बसला, तर कुऱ्हाडे मंडळींना बोलावणे जाऊनही मान गेल्यासारखे होते. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले, म्हणून त्याआधीच्या फाँटांत त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत; काही फाँटांत दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही. मांडणी पूर्ण झाली की पीडीएफ काढून ती दुसऱ्याच यंत्रावर, शक्यतो मोबाइलवर, उघडून वाचावी. वाचणारा मजकूर लिहिणारा नसावा. घरातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडे हे काम गेले तर उत्तम.

कागदाचे वजन जीएसएममध्ये (दर चौरस मीटरला ग्रॅम) मोजतात. रोजचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, पत्रिकेला २०० च्या पुढचा लागतो. जाड कागद तळच्या खणातून वळण घेताना अडकतो, तेव्हा मागून सरळ आत जाणारा प्रिंटर निवडावा. २१० × २९७ मिमीचा ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ आकाराची घडीची पत्रिका तयार होते. पुण्याच्या शिवाजीनगरात १९४० पासून चालू असलेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांचा कागद दिसतो देखणा. मात्र त्याच्या खरबरीत अंगावर लेझर प्रिंटरची भुकटी (टोनर) नीट धरत नाही. त्याला शाईचा प्रिंटर बरा, अक्षर थोडे मोठे ठेवावे. पडद्यावरचा भगवा कागदावर विटकरी उतरतो, म्हणून रंग चाचणीच्या प्रतीवरूनच ठरवावा.

घडी घालण्याआधी रेषेवर दाब द्यावा लागतो. छापखान्यात याला क्रीझिंग म्हणतात. घरी पोलादी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनाने एक ओळ ओढली की काम होते. तसे न करता जाड कागद दुमडला तर घडीवरचा रंग तडकून पांढरी रेघ दिसते. सोनेरी गणपतीची हौसही घरी भागते. गणपती लेझर प्रिंटरवर काळा छापायचा, त्यावर सोनेरी फॉइल ठेवायचे आणि लॅमिनेशनच्या तापत्या यंत्रातून काढायचे. उष्णतेने वितळलेली भुकटी फॉइल धरते आणि बाकीचा पत्रा सोलून निघतो. शाईच्या प्रिंटरवरच्या छपाईला हे जमत नाही.

तयार पत्रिकेच्या कोपऱ्यांना ओल्या हळदकुंकवाची बोटे लागतात. साधी डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) तिथे पसरते. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) टिकते. पहिली पत्रिका गणपतीपुढे, दुसरी कुलदैवतापुढे, मग जवळच्या घरी अक्षत देऊन. पूर्वी परगावची बोलावणी उघड्या पाकिटातून ‘बुक-पोस्ट’ने जात, आता तीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते आणि कागदी प्रती ज्यांच्या घरी पायी जायचे त्यांच्यापुरत्या उरतात. घरगुती छपाई वाढण्याचे हेही एक कारण.

महाराष्ट्र विवाह मंडळाचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली विवाह नोंदवताना निबंधक कार्यालयात लग्नपत्रिका मागतात. ती नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पत्रिका छापखान्यातली की घरची हा प्रश्न तिथे येत नाही, पण नावे, तारीख आणि स्थळ इतर कागदपत्रांशी जुळावे लागते. वधूवरांची लाडाची नावे छापण्याची फॅशन इथे अडते. पत्रिकेत ‘चि. बंटी’ आणि आधार कार्डावर दुसरेच नाव असले की पुन्हा प्रतिज्ञापत्र आलेच. म्हणून निदान कार्यालयासाठीच्या प्रतीत पूर्ण नाव घालावे.